लंपनचा लेखक भूगर्भशास्त्र शिकवायचा

निगडीच्या दुर्गा टेकडीवर आमच्या सोसायटीतली नववीतली एक मुलगी सुट्टीत जीवाश्म शोधत हिंडायची. तिला सांगावं लागलं, की बाळा, हा सगळा थिजलेला लाव्हा आहे, साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा. यात हाडं मिळायची नाहीत. तिचा चेहरा एवढा पडला, की मोशीच्या खाणीतून कधीतरी आणलेला एक दगड मी तिच्या हातात ठेवला. मूठभर, काळा, राकट. फुटलेल्या बाजूला बोटाचं पेर जाईल एवढी पोकळी, आणि त्या पोकळीत दाटीवाटीने उभ्या राहिलेल्या पांढऱ्या सुया. लाव्हातल्या वायूचा बुडबुडा अडकला, पोकळी राहिली, तिच्यात पाणी झिरपत राहिलं आणि स्फटिक वाढले. यांनाच झिओलाइट म्हणतात. तिने दगड खिडकीशी धरला, हलकेच फुंकर मारली. खडीची धूळ उडाली. मग म्हणाली, "ताई, असलं काही शोधणाऱ्या मुलांची कादंबरी आहे का मराठीत? लहान मुलांची नको, आमच्या वयाची."

त्या प्रश्नापायी मी मराठीतली कुमार कादंबरी पुन्हा नव्याने वाचायला घेतली.

वाचनालयातच पहिली अडचण दिसली. बालविभागाचं कपाट दाराजवळ आणि कादंबऱ्यांच्या रांगा आत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दाराजवळ, मिलिंद बोकिलांची 'शाळा' आत. फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवर टांग मारून कुठल्याही रहस्याच्या मागे सुटतो. त्याचं कुतूहल अस्सल आहे, पण त्याचं मन कुणा मुलीपाशी घुटमळत नाही. २००४ साली आलेल्या 'शाळा'त मन फक्त घुटमळतं. नववीतला मुकुंद, त्याला आवडणारी शिरोडकर, आणीबाणीचं वर्ष, अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसणारे चार मित्र. या वयाची भाषा बोकिलांइतकी खरी मराठीत फार थोड्यांना सापडली. मुलीला ती वाचायला दिली. दोन दिवसांत परत आणून म्हणाली, "खूप आवडली. पण त्या दोघांनी मिळून करायचं असं काहीच नाही त्यात. नुसतं बघायचं."

मला हे मत फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या साहित्यात पहिलं प्रेम म्हणजे बघणं: बाकावरून, गॅलरीतून, प्रभातफेरीतून. 'फँड्री'तला जब्या शालूकडे असाच लांबून बघतो. तिथे ते अंतर जातीचं आहे आणि त्या सिनेमाचं सगळं दुखणंच त्या अंतरात आहे, म्हणून तिथे ते अटळ वाटतं. इतरत्र मात्र ती सवय झाली आहे. दोन मुलं एकाच गोष्टीने झपाटलेली आहेत, त्या गोष्टीच्या नादात एकमेकांच्या जवळ आली आहेत, असं आपण लिहीत नाही. ज्ञानाचा नाद बालविभागात राहतो, प्रेम आतल्या रांगेत. जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला'मध्ये खोदकाम आहे, जमिनीखालून आलेलं गूढ आहे. पण ती मोठ्यांची विज्ञानकादंबरी आहे. बालभारतीचं 'किशोर' १९७१पासून निघतंय आणि त्याने पिढ्या वाचत्या केल्या; पण एकटं मासिक कादंबरीची उणीव कशी भरून काढणार?

आणि तरी मराठीत पहिल्या ओढीचं सर्वांत सुंदर लेखन एका भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकाने केलं आहे. प्रकाश नारायण संत कराडला भूगर्भशास्त्र शिकवायचे. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' या चार पुस्तकांत त्यांचा लंपन आजी-आजोबांकडे राहतो, कानडी वळणाचं मराठी बोलतो, ज्याला-त्याला 'मॅड' म्हणतो आणि सुमीच्या आसपास असला की त्याला नीट काही सुचत नाही. संत २००३ साली गेले. लंपन दगड गोळा करत हिंडत नाही, हे खरं. पण तो बघतो कसा ते बघा. आवाज, वास, उजेड, माणसं एकावर एक थरांसारखी येतात आणि कुठलाही थर खालच्याला पुसत नाही. हा डोळा दगड वाचणाऱ्याचा आहे असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही, पण चारही पुस्तकं सलग वाचताना ही जाणीव सुटत नाही. हाच डोळा त्यांनी सुमी आणि लंपनला एखाद्या ओढ्याकाठी, एखाद्या कड्यापाशी नेऊन लावला असता, तर काय वाचायला मिळालं असतं!

सामग्री नाही म्हणायची सोय नाही. इंग्लंडात लाइम रीजिसच्या कड्यांतून जीवाश्म काढणाऱ्या मेरी अ‍ॅनिंगवर ट्रेसी शेवलिएने २००९ साली कादंबरी लिहिली. आपल्याकडे स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी नागपूरजवळ टाकळीला आणि आसपास जीवाश्म गोळा करत हिंडला आणि १८६३ साली पूर आलेल्या ओढ्यात बुडून गेला. गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यात वडधमला दगड झालेली झाडं आहेत. आमच्या पुण्याच्या बाजूला हाडं नाहीत, तर वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हनसाइट आहे. जगभरचे संग्राहक त्याच्यासाठी जीव टाकतात. त्या खाणीत सुरुंगानंतर दगड उचलणाऱ्या घरातला मुलगा आणि वहीत स्फटिकांची चित्रं काढणारी मुलगी, एवढ्यावर कादंबरी उभी राहील. त्यात मजुरी येईल, क्रशरची धूळ येईल, आणि त्या निळ्या दगडाचे पैसे कुणाच्या खिशात जातात हेही येईल.

मला विचाराल तर मी मात्र पिसदुऱ्यापासून सुरुवात करीन. चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यात. तिथल्या शेतांत डायनासोरांच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. २००५ साली शास्त्रज्ञांना त्या गोळ्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाले आणि डायनासोरांच्या काळात गवत नव्हतं ही समजूत मोडली. मे महिना, नांगरलेलं काळं रान, ऊन डोक्यावर. पोरगा वाकून एक गोळा उचलतो, शर्टाला पुसतो आणि पोरीपुढे धरतो. ती हातात घेऊन वजन बघते, नखाने माती काढते, विचारते, "हे काय आहे, माहीत आहे का तुला?" त्याला माहीत असतं, पण सांगायची लाज वाटते.

हे मी निगडीत त्या मुलीला सांगितलं, तेव्हा ती खूप हसली. मग मोशीचा दगड दप्तरात टाकत म्हणाली, "तिला आधीच माहीत असणार."