निदान

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला आजारपणावर लिहायला सांगितलं. अनुवादाच्या तारखा मी वारंवार चुकवत होते, त्याचं कारण सांगावं लागलं होतं, आणि ते ऐकून त्यांना त्यात लेख दिसला. मी अकरा पानं लिहून पाठवली. आठवड्याभराने त्यांचा फोन आला. "मॅडम, छान उतरलंय, पण याला शेवटच नाही. निदान झालं की कळवा, तेव्हा बघू." राग आला, पण फार वेळ टिकला नाही. आजारपणाची पुस्तकं वाचताना मी स्वतः वीस वर्षं निदानाचं पान कधी येतं याचीच वाट बघत आले आहे. ते आलं की हायसं वाटतं, आणि पुढचं पुस्तक जरा भरभर वाचलं जातं.

तेव्हा आधी माझ्या दुखण्याबद्दल, थोडक्यात. 42व्या वर्षापासून माझा रक्तदाब कुठल्याही उघड कारणाशिवाय चढतो आणि उतरतो. सकाळी 168/102, जेवण झाल्यावर 90/58, संध्याकाळी 124/80, म्हणजे अगदी पुस्तकातला. बंगळुरूत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. दोन जिने चढले की नाडी दीडशेच्या घरात जाते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पण खरी गोची वेगळीच आहे. एखाद्या दिवशी बरं वाटलं म्हणून किलोमीटरभर चालून आले, तर त्या दिवशी काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी, अंथरुणातून उठवत नाही. चोवीस तास दंडाला पट्टा बांधून झालं, दिवसभराची लघवी कॅनमध्ये साठवून ॲड्रिनल ग्रंथीतली दुर्मिळ गाठ शोधून झाली, टेबलाला बांधून उभं करून नाडी कशी वागते ते बघून झालं. रिपोर्टांच्या तळाशी बहुधा एकच विनंती असते: लक्षणांशी ताडून पाहावं. एका डॉक्टरांनी मीठ तोडलं, दुसऱ्यांनी वाढवायला सांगितलं. तिसरे म्हणाले, टेन्शन घेऊ नका. फ्रेंचमध्ये 'तान्सियाँ' हा रक्तदाबासाठीचाच रोजचा शब्द आहे. तेवढ्या अर्थाने डॉक्टरांचं निदान अचूक होतं.

मराठीत 'निदान' हा शब्द तीन कामं करतो. संस्कृतातून आलेला त्याचा मूळ अर्थ आदिकारण. वैद्यकातला अर्थ त्यातूनच आला. संतांच्या मराठीत 'निदानी' म्हणजे शेवटी, अखेरीला. आणि रोजच्या बोलण्यात निदान म्हणजे किमान: निदान फोन तरी करायचास. कारण, शेवट आणि किमान. आजारपणाच्या पुस्तकाचा सगळा सांगाडा पहिल्या दोन अर्थांवर उभा असतो. कारण सापडतं तिथे कथानकाला वळण मिळतं आणि त्याच वळणावरून शेवट दिसू लागतो, मग तो बरं होण्याचा असो की मरणाचा. माझ्या वाट्याला फक्त तिसरा अर्थ आला आहे.

मराठीतली आजारपणाची पुस्तकं मुखपृष्ठापासूनच हे सांगू लागतात. अवयवाचं किंवा रोगाचं नाव शीर्षकात असतं. पद्मजा फाटक यांचं 'हसरी किडनी' हे त्यातलं मला सर्वांत आवडणारं. त्याचं जोडशीर्षक आहे 'अठरा अक्षौहिणी'. एकीकडे हसू, दुसरीकडे महाभारताचं सैन्य. मूत्रपिंडरोपणाच्या त्या प्रदीर्घ कहाणीत ही दोन शीर्षकं एकमेकांना सतत टोकत राहतात, युद्धाची भाषा चढू लागली की विनोद तिला खाली उतरवतो. हे कौशल्य आहेच. पण हसता येतं याचं एक कारण असंही आहे की कशाला हसायचं ते माहीत आहे. किडनी आहे, तिचं काम ठरलेलं आहे, ती ते करत नाही. माझ्या दुखण्याला असा हसरा करण्याजोगा अवयव मिळालेला नाही. 'हसरा रक्तदाब' हे शीर्षक मी करून पाहिलं. जमलं नाही.

समीक्षेची अडचणही याच जागी आहे. सुझन सोन्टॅगने 1978 साली 'इलनेस ॲज मेटाफर'मध्ये क्षय आणि कर्करोगाभोवती साचलेल्या रूपकांवर हल्ला केला, तो आजही वाचावा असाच आहे. स्वतःच्या कर्करोगाचा उल्लेखही न करता तिने तो लिहिला. तिचा युक्तिवाद असा की ज्या रोगाचं कारण कळत नाही त्यालाच रूपकं चिकटतात, कारण आणि उपाय सापडले की ती गळून पडतात. म्हणजे सुटका पुन्हा निदानाच्याच दाराने. ते दार उघडत नाही तोवर काय करायचं, यावर ते पुस्तक फारसं बोलत नाही. शिवाय काही दुखणी रूपकालाही परवडत नाहीत. क्षयाला निदान कवीचं वलय तरी होतं. बीपी काय, सगळ्यांनाच असतं. सोसायटीच्या वार्षिक सभेत अर्ध्या लोकांच्या खिशात गोळी असते.

आर्थर फ्रँक या समाजशास्त्रज्ञाच्या 'द वूंडेड स्टोरीटेलर' (1995) या पुस्तकातली वर्गवारी अनेकांना माहीत असेल. आजारपणाच्या कथा तीन तऱ्हेच्या: पूर्ववत होण्याची, काहीतरी गवसण्याची आणि गोंधळाची. गोंधळाबद्दल त्याचं निरीक्षण मार्मिक आहे. जो त्यात सापडला आहे त्याला तो सांगता येत नाही. सांगता येऊ लागला म्हणजे थोडं अंतर पडलं. मला हे बऱ्याच अंशी पटतं, पण माझ्या दुखण्याला ते पुरत नाही. माझ्यात गोंधळ नाही. उलट फार शिस्त आहे. तीन वेळा माप, पाणी मोजून, जिना दोन टप्प्यांत. फक्त या शिस्तीला कथानक नाही. परवाच्या चालण्याचा परिणाम आज, आणि आज काहीच केलं नाही त्याचा परिणाम कधी, ते ठाऊक नाही. वास्तववादी कादंबरीने शिकवलेला 'म्हणून' हा शब्द मला वापरता येत नाही. 'नंतर' तेवढा वापरता येतो.

व्हर्जिनिया वुल्फच्या 'ऑन बीइंग इल' या निबंधाकडे मी या वाटेने परत आले. जादवपूरला तौलनिक साहित्याच्या एम.ए.ला असताना तो पहिल्यांदा वाचला होता. तेव्हा मला त्यातली वाक्यांची लांबी दिसली होती, आजार दिसला नव्हता. 1925च्या ऑगस्टमध्ये चार्ल्सटनला एका वाढदिवसाच्या मेजवानीत वुल्फ चक्कर येऊन पडली आणि पुढचे काही महिने बराच काळ अंथरुणावर होती. निबंध 1926च्या जानेवारीत टी. एस. एलियटच्या 'न्यू क्रायटेरियन'मध्ये आला. आता वाचताना जाणवतं ते हे की त्यात ती पडल्याची हकीगत नाही, डॉक्टर नाही, स्वतःच्या दुखण्याचं नाव नाही. आडवं पडलेल्या माणसाला आकाश दिसतं, त्याला कविता वेगळी ऐकू येते, आणि निबंध वळत वळत भलत्याच एका सरदार घराण्याच्या गोष्टीत जाऊन थांबतो. शेवट म्हणावा असा शेवट नाही. आमच्या संपादकांनी तो परत केला असता.

वुल्फची प्रसिद्ध तक्रार आहे की इंग्रजीला हॅम्लेटचे विचार मांडता येतात, पण साध्या हुडहुडीसाठी, डोकेदुखीसाठी शब्द नाहीत. अनुवादक म्हणून इथे मी थांबले. मराठीला हे लागू नाही. आपल्याकडे कणकण आहे, कसर आहे, ठणका, कळ, चमक, उसण, ठसठस, शिणवटा. चक्कर वेगळी, घेरी वेगळी, भोवळ वेगळी, डोळ्यांपुढची अंधारी वेगळी. धाप आणि दम यांतला फरक आई फोनवर आवाजावरून ओळखते. "अगं, धाप लागलीय तुला. बस आधी, मग बोल." असे शब्द आमच्या सोलापूरच्या घरातल्या बायकांच्या तोंडी सहज होते, आणि मी अनुवाद केलेल्या पुस्तकांत ते जवळजवळ नाहीत. तिथे सर्वत्र 'थकवा' आहे. दोष माझाच. इंग्रजी शब्दासमोर कोशातला पहिला शब्द ठेवायची सवय. थकव्याच्या आधी काम गृहीत असतं. काही न करता येतो त्याला थकवा म्हणणं म्हणजे न झालेल्या कामाची मजुरी मागण्यासारखं आहे.

व्यायामाबाबतचं माझं लक्षण रिपोर्टात 'एक्सरसाइज इनटॉलरन्स' म्हणून येतं. शब्दशः अनुवाद 'व्यायाम-असहिष्णुता' असा होईल, आणि असहिष्णुतेवर सध्या वेगळेच लोक लिहीत असतात. आई म्हणते, "तुला जिना झेपत नाही." बस. यापेक्षा नेमकी संज्ञा मला कुठल्याही भाषेत सापडलेली नाही. 'झेपत नाही' यात जिन्याचा दोष नाही, माझाही नाही. दोघांमधलं प्रमाण चुकलं आहे.

आणि वाक्यरचना पाहा: मला झेपत नाही. मला चक्कर आली. मला बरं वाटत नाही. इंग्रजीतला 'मी' इथे कर्त्याच्या जागेवर नाही. चक्कर येते, आणि ती ज्याच्याकडे येते तो मी. कन्नडमध्ये शेजारीण म्हणते, ननगे तले सुत्तुत्तिदे. तमिळमध्ये एनक्कु तलै सुत्तुदु, हिंदीत मुझे चक्कर आ रहा है. बंगालीत आमार माथा घुरछे, म्हणजे चतुर्थीऐवजी षष्ठी, पण कर्तेपण तिथेही 'मी'कडे नाही. या चतुर्थ्यंत अनुभवकर्त्याला भाषाशास्त्रज्ञ आर्य आणि द्राविड भाषांमधली एक सामायिक खूण मानतात. जादवपूरच्या वर्गात ही माहिती परीक्षेपुरती होती. पुढे एका अमेरिकन आजार-आत्मकथनाचा अनुवाद करताना ती अंगावर आली. मूळ पुस्तकात पानोपानी 'मी लढले', 'मी हरले नाही'. मराठीत ही वाक्यं व्याकरणाने बरोबर होती, पण कुणी घरात तसं बोलत नाही. मी ती तशीच ठेवली. आज ठेवली नसती.

याचा अर्थ आपली भाषा आजाऱ्याला अधिक न्याय देते असा मात्र नाही. ज्या चतुर्थीत चक्कर येते त्याच चतुर्थीत भोगही येतात. 'भोग असतात एकेकाचे' हे वाक्य सांत्वन म्हणून उच्चारलं जातं, आणि ते निदानच आहे: कारण मागच्या जन्मात, शेवट याच्या पुढे. डॉक्टरांचं टेन्शन आणि मावशीचे भोग यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोघांनाही मोकळी जागा सहन होत नाही. बायकांच्या न कळणाऱ्या दुखण्याबाबत तर ही घाई जास्तच.

मग या मोकळ्या जागेसाठी गद्याचा कुठला प्रकार? मेगन ओ'रूर्क या कवयित्रीचं 'द इनव्हिजिबल किंगडम' (2022) मी मोठ्या आशेने घेतलं होतं. निदानाशिवाय काढलेल्या वर्षांबद्दलची त्यातली पानं फार खरी आहेत, कुणी विश्वास न ठेवण्याचा एकटेपणा तिने जसा पकडला आहे तसा मी दुसरीकडे वाचला नाही. पण उत्तरार्धात नावं येऊ लागतात, आणि माझ्यातली जुनी वाचक पुन्हा हायसं वाटून घेते. लेखिकेचा यात काय दोष. तिला नावं मिळाली, याचा आनंदच आहे.

मला जवळचा वाटला तो आल्फाँस दोदे. उपदंशाने मज्जारज्जूला झालेल्या दुखण्याच्या काळात त्याने टिपणं काढली. पुस्तक करायचं मनात होतं, ते झालं नाही. 1897मध्ये तो गेला, आणि कित्येक वर्षांनी ती टिपणं 'ला दूलू' या नावाने छापली गेली. 'दूलू' हा फ्रेंच शब्द नाही. दक्षिणेतल्या प्रोव्हाँसालमध्ये वेदनेला तसं म्हणतात, आणि दोदेचा जन्म त्याच भागातल्या नीमचा. आयुष्यभर पॅरिसच्या फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्याने दुखण्याचं नाव मात्र घरच्या बोलीत ठेवलं. ज्युलियन बार्न्सच्या इंग्रजी अनुवादात (2002) शीर्षक 'वेदनेच्या प्रदेशात' अशा अर्थाचं झालं. चांगलं आहे, पण ती बोली गेली. दोदेला रोगाचं नाव माहीत होतं. तरी टिपणं नावाभोवती फिरत नाहीत. लामालूच्या स्नानगृहातले इतर रुग्ण, त्यांची चाल, आज कुठे दुखलं, किती. एका नोंदीचा पुढच्या नोंदीशी 'म्हणून'ने संबंध नाही.

माझी वहीही अशीच आहे. शंभर पानी, रेघांची. रकाने आखले आहेत: वेळ, वरचा, खालचा, नाडी, शेरा. पहिल्या वर्षीचे शेरे लांबलचक, प्रत्येकात एक कारण सुचवलेलं: रात्री झोप कमी, सकाळी कॉफी, भांडण. आता शेऱ्यात बहुतेक वेळा एक क्रियापद असतं. झेपलं. नाही झेपलं. साहित्य म्हणून या वहीची किंमत मी वाढवून सांगणार नाही, ती कंटाळवाणी आहे. पण अकरा पानांचा तो लेख पुन्हा वाचला तेव्हा वहीतून उचललेले भाग उभे होते, आणि मी जोडलेले दुवे खोटे वाटले. सर्वांत खोटा होता शेवटचा परिच्छेद, ज्यात या आजाराने मला संयम शिकवला असं लिहिलं होतं. तो मी संपादकांसाठी जोडला होता, आणि त्यांनाही तो पुरला नव्हता.

तो काढला आहे. आता साडेदहा पानं आहेत.