नुकसान कुणाच्या खात्यात?

बारावी कॉमर्स झालेली वरंध-बिरवाडीकडची मुलं आता फक्त महाडच्या कॉलेजाकडे बघत नाहीत. पुणे, मुंबई, बंगळुरूच्या विद्यापीठांची माहितीपत्रकं मोबाईलवर येतात, आणि फायनान्स हा मुख्य विषय असलेल्या पदव्यांची विचारणा घराघरात होते. म्हणून आज एका ख्रिस्ती विद्यापीठाच्या निमित्ताने या पदवीकडे समीक्षेच्या नजरेनं बघू. माझा प्रश्न एवढाच आहे: ज्या परंपरेतून ही संस्था उभी राहिली, त्या परंपरेचा पैशाविषयीचा विचार फायनान्सच्या तासापर्यंत पोचतो का?

हे विद्यापीठ म्हणजे बंगळुरूचं क्राइस्ट. १९६९ मध्ये कॉलेज म्हणून सुरू झालं, २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झालं. ते चालवणारा सीएमआय हा कॅथलिक धर्मसंघ १८३१ मध्ये केरळात मान्नानमला सुरू झाला. त्याच्या संस्थापकांपैकी एक कुरियाकोस एलियास चावरा. त्यांच्या नावाशी जोडलेली एक योजना आहे, 'पिडियरी', म्हणजे मूठभर तांदूळ. रोजचा भात शिजवताना प्रत्येक घरानं एक मूठ बाजूला ठेवायची आणि त्यातून शाळेतल्या गरीब मुलांना जेवण द्यायचं. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहांसाठी मुष्टिफंड जमवला, त्याच जातकुळीची ही गोष्ट.

आता हे फायनान्सच आहे, नाही का? लहान बचत, एकत्र भांडवल, लांब मुदतीची गुंतवणूक. फरक एकच. परतावा देणाऱ्याच्या घरी येत नाही, तो दुसऱ्याच्या पोराला मिळतो.

पदवीच्या पहिल्या वर्षी शिकवतात काय? पैशाचं कालमूल्य. आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोठा. दरसाल १० टक्के दर धरला, तर १० वर्षांनी मिळणाऱ्या एक लाखाची आजची किंमत साधारण ३८,५५० रुपये होते. ५० वर्षांनी मिळणाऱ्या लाखाची? फक्त ८५२ रुपये! गणित बरोबर आहे, आणि कर्ज द्यायला-घ्यायला ते लागतंच. पण हेच गणित नुकसानीला लावून बघा. आज डोंगर पोखरला आणि ५० वर्षांनी नातवाचं लाखाचं नुकसान झालं, तर कागदावर ते ८५२ रुपये दिसतं. २२ जुलै २०२१ ला आपल्या शेजारी तळियेत दरड कोसळून ८०हून अधिक माणसं गेली. ती दरड कुणाच्या हिशेबामुळे कोसळली असं मी म्हणत नाही. पण डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्याला उद्याची किंमत इतकी स्वस्त करून शिकवणं पटायचं नाही.

योगायोग बघा, या विद्यापीठाचा एक कॅम्पस आपल्याच सह्याद्रीत, लवासात आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये लवासा कॉर्पोरेशनवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन घर घेणाऱ्यांना वित्तीय धनकोंचा दर्जा मिळाला. म्हणजे ते बँकांच्या बरोबरीनं बैठकीत बसू लागले. पण मोसे खोऱ्यात ज्यांच्या जमिनीवरून वाद झाले, त्यांचं नुकसान कुठल्या रकान्यात लिहायचं? विद्यार्थ्याच्या खिडकीबाहेरच धडा उभा आहे. आणि मे २०१८ मध्येच व्हॅटिकननं वित्तव्यवस्थेतल्या नैतिक प्रश्नांवर सविस्तर दस्तऐवज काढला होता. त्यात डेरिव्हेटिव्हपासून करचुकवेगिरीच्या ठिकाणांपर्यंत सगळ्याची चर्चा आहे.

क्राइस्टचं ब्रीद 'उत्कृष्टता आणि सेवा'. तिथे 'होलिस्टिक एज्युकेशन' नावाचा विषयही आहे. माझा आक्षेप इथेच आहे. मूल्यांना वेगळा तास दिला की फायनान्सचा तास त्यांच्यापासून मोकळा होतो. सेवा एका वहीत, परतावा दुसऱ्या वहीत! आणि हे एकट्या क्राइस्टचं दुखणं नाही. नीतिशास्त्राचा वेगळा पेपर ठेवणाऱ्या कुठल्याही संस्थेला हा धोका आहे.

पालक म्हणतील, सर, फी भरायची आम्ही, मूल्यांनी नोकरी लागते का? रास्त प्रश्न आहे. पण कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचं कामच मुळी हे, की बुडालं तर कोण भरणार? हा प्रश्न ज्याला नीट विचारता येत नाही, तो अधिकारीही कच्चाच. कोकणातला सामाईक सातबारा घ्या. वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, आणि सगळ्यांच्या सह्यांशिवाय बँक जमीन तारण घेत नाही. हे समजून घेणं फायनान्सही आहे आणि सेवाही.

तेव्हा प्रवेश जरूर घ्या. ताळेबंद वाचायला शिका, कालमूल्याची गणितं चोख सोडवा. फक्त प्रत्येक उत्तराखाली आणखी एक ओळ लिहा: फायदा कुणाला, नुकसान कुणाला, आणि त्याला कुणी विचारलं होतं का? ही ओळ लिहिल्यावर ज्या वर्गात मार्क कापत नाहीत, तिथे पिडियरीची आठवण अजून शाबूत आहे असं मी मानीन. आता तुमचे प्रश्न घेऊ.