‘एक डॉक्टर की मौत’ : बदललेल्या शोधविषयाची किंमत

तपन सिन्हा यांच्या ‘एक डॉक्टर की मौत’ (१९९०) या चित्रपटामागे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या जीवनाची प्रेरणा आहे. शरीराबाहेर फलन घडवून, भ्रूण गोठवून त्यांनी केलेल्या रोपणातून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात कन्या जन्मली. शासकीय समितीने दावा फेटाळला. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. १९९७ मध्ये डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी त्यांचे श्रेय मान्य केले.

चित्रपटातील डॉक्टर मात्र कुष्ठरोगावरील लस शोधतो. या बदलातही नोकरशाहीचा मत्सर प्रभावीपणे प्रकटतो. परंतु लस घेतल्याचे कोणी लपवीत नाही. त्या कन्येची ओळख मात्र दीर्घकाळ गुप्त राहिली. वंध्यत्वाभोवतीचा हा सामाजिक संकोच कथेबाहेर राहिल्याने दोष केवळ व्यवस्थेवर येतो, समाज निर्दोष सुटतो.