चौदा वर्षांच्या मुक्तेचा निबंध

आमच्या नंदगडात इतिहास म्हटला की २६ जानेवारी १८३१ रोजी येथे फाशी गेलेल्या संगोळ्ळी रायण्णांची समाधी डोळ्यांपुढे येते. कोवळ्या वयातील हुतात्म्यांचा विषय निघाला, तर नंदुरबारचा शिरीषकुमार मेहता आठवतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळी झेलताना तो अवघा पंधरा वर्षांचा होता. प्राण देणाऱ्यांचे स्मरण आपण ठेवतो. त्याच वयात लेखणी उचलणाऱ्या एका मुलीचे स्मरण मात्र आपल्या साहित्यचर्चेने फार उशिरा केले.

मुक्ता साळवे ही मांग समाजातील मुलगी, पुण्यातील जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी. चौदा वर्षांची असताना तिने लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या मिशनरी पत्रात दोन भागांत प्रसिद्ध झाला.

निबंधाचा आरंभच तर्काने होतो. वेद केवळ ब्राह्मणांचे असतील, तर आम्ही ग्रंथावाचून राहिलो. मग आमचा धर्म कोणता, असे ती थेट देवाला विचारते. पुढे पेशवाईतील छळ येतो, इमारतींच्या पायात माणसे पुरल्याची हकिकत येते, छपराविना थंडीपावसात बाळंत होणाऱ्या स्त्रिया येतात. महारही मांगांना कमी लेखतात, हे सांगण्यास ती कचरत नाही. शेवटी आपल्याच लोकांना ती ज्ञानाचे औषध घेण्यास सांगते.

इंग्रजी राज्याविषयीची तिची कृतज्ञता आज भाबडी वाटते; राज्यकर्त्यांचा स्वार्थ तिला दिसलेला नाही. पण ज्या राजवटीत आपल्यासाठी शाळेचे दार प्रथमच उघडले, तिच्याकडे त्या मुलीने आणखी कोणत्या नजरेने पाहावे?

निबंध वाचणारे पुष्कळदा विचारतात, हे खरोखर तिचेच लेखन का? शिक्षकांचा हात फिरला असेल. शासकीय सेवेत मी हजारो अर्ज वाचले. दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या अर्जात दुःख ठराविक साच्यात येते. सगळ्यांचे दारिद्र्य सारखेच दिसते. मुक्तेच्या निबंधात तो साचा नाही. जुलमी सरदारांची आडनावे घेऊन ती त्यांच्या शौर्याची थट्टा करते आणि त्यांचा पराक्रम घरातल्या उंदरांपुरता असल्याचे सुचवते. असा टोमणा ऐकलेल्या आणि सोसलेल्या माणसालाच सुचतो. शिक्षकांनी शुद्धलेखन सुधारले असेलही. हा उंदीर मात्र तिचाच.

परंपरेनुसार ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली. त्यांच्या वयाने आपला आदर दुणावतो. मुक्तेच्या वयाने आपला संशय वाढतो. हा भेद वयाचा नव्हे, वाचणाऱ्याच्या मनातील आहे.

हे लिहिताना स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. निवृत्तीनंतर एका शालेय निबंधस्पर्धेचा परीक्षक असताना, शेतमजुराच्या मुलीच्या निबंधावर मी शेरा मारला होता : ‘स्वतः लिहिला काय?’ निबंध स्पर्धेतला सर्वांत उत्तम होता. मी तिला दुसरा क्रमांक दिला. मुक्तेचा निबंध तेव्हा मी वाचलेला नव्हता. आता वाचला आहे, पण तो शेरा खोडायला ती वही माझ्यापाशी नाही.