कारण नसलेले दुःख

मुस्लिम मराठी साहित्याने दुःख कमी लिहिलेले नाही. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच्या कितीतरी आधी, १९६५ मध्ये, हमीद दलवाई यांनी ‘इंधन’मध्ये कोकणातल्या एका गावाची धग मांडली होती. पुढे आमच्या कवींनी आणि कथाकारांनी दंगली लिहिल्या, तलाक मिळालेल्या स्त्रीचे हाल लिहिले, वस्तीतले दारिद्र्य आणि संशयाने रोखलेल्या नजरा लिहिल्या. हे लिहिणे गरजेचे होते, आजही आहे. मात्र या सर्व दुःखांत एक साम्य आहे. त्यांचे कारण बाहेर आहे, त्याच्याकडे बोट दाखवता येते. ज्या दुःखाकडे असे बोट दाखवता येत नाही त्याचे काय, हा प्रश्न आम्ही आमच्या साहित्याला फारसा विचारलेला नाही.

कॉलेजात जाणारा मुलगा आठवडेच्या आठवडे अंथरूण सोडत नाही. क्रिकेटसाठी जीव टाकणारा तो आता बॅटला हात लावत नाही. झोप उडते किंवा दिवसभर झोपूनच राहतो. भूक मरते, वाचलेले ध्यानात राहत नाही, आपण सगळ्यांवर ओझे आहोत असे वाटत राहते. घरात कोणी वारलेले नाही, परीक्षाही बरी गेलेली. अशी अवस्था दोन आठवडे वा अधिक टिकली तर डॉक्टर नैराश्याच्या आजाराची शक्यता तपासतात. कोवळ्या वयात हा आजार रडण्याऐवजी चिडचिडीतूनही दिसतो, म्हणून घरच्यांना मुलगा ‘बिघडला’ असे वाटते. मोहल्ल्यात त्यासाठी तयार शब्द आहेत : ‘नजर लागली’, ‘साया आहे’, ‘नमाज सोडली म्हणून दिल घाबरते’, ‘ईमान कच्चे आहे’. मुलगी असेल तर आणखी एक : ‘निकाह लावून द्या, ठीक होईल.’ या शब्दांत आजाराचे वर्णन नाही, आरोप आहे. तो ऐकावा लागू नये म्हणून मूल गप्प होते.

या बाबतीत आमची परंपरा आमच्या आजच्या बोलण्यापेक्षा पुष्कळ पुढे होती. बल्खचे विद्वान अबू जैद अल-बल्खी (मृत्यू ९३४) यांनी शरीर आणि मन यांच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी दुःखाचे दोन प्रकार सांगितले. एक, ज्याचे कारण माणसाला ठाऊक असते : आप्ताचा मृत्यू, गमावलेली वस्तू. दुसरे, ज्याचे कारण त्याला सांगता येत नाही आणि ज्याचे मूळ शरीरात असते. पहिल्याला धीराच्या बोलण्याने व विचाराने सावरावे, दुसऱ्यात शरीरावरही उपचार करावेत, असे त्यांचे म्हणणे. हे हजार वर्षांपूर्वीचे आहे. त्याहून मोठा दाखला कुरआनातच आहे. पुत्रवियोगाच्या दुःखाने हजरत याकूब यांचे डोळे पांढरे झाले. ते नबी होते. त्यांचे ईमान कच्चे होते असे म्हणण्याची हिंमत कोणी करणार नाही. आत्महत्या हराम आहे हे खरेच, पण मरणाचे विचार ज्याला छळतात त्याचा आजार हा गुन्हा ठरत नाही.

बल्खींनी केलेला हा भेद हाती घेऊन एका मराठी कलाकृतीकडे पाहावेसे वाटते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ हा चित्रपट. २०१७ मध्ये त्याला राष्ट्रीय पुरस्कारांतले सुवर्णकमळ मिळाले. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला एक तरुण (आलोक राजवाडे) कोकणच्या किनाऱ्यावर जानकीच्या (इरावती हर्षे) घरी येऊन पोचतो. जानकी स्वतः मनाच्या अशाच अंधारातून गेलेली आहे. ती त्याला उलटतपासणी घेऊन कारण विचारत नाही. तो बोलला नाही तरी तिला चालते, तो तुसडेपणाने वागला तरी ती दार लावून घेत नाही. आमच्या मते चित्रपटाचे मोठे यश इथे आहे. त्याने तरुणाच्या दुःखाला एखादे सोपे कारण चिकटवून प्रेक्षकाला मोकळे केलेले नाही.

आमची तक्रार वेगळ्या ठिकाणी आहे. जानकीकडे घर आहे, गाडी आहे, मोकळा वेळ आहे आणि समोर समुद्र आहे. मालेगाव वा भिवंडीत, यंत्रमागाच्या खडखडाटात, दोन खोल्यांत आठ माणसे राहतात, तिथला तरुण कुठल्या किनाऱ्यावर जाणार? त्याला गप्प बसायलाही कोपरा मिळत नाही. त्याची जानकी त्याची थकलेली अम्मी असते, नाहीतर शेजारची खाला. ही गोष्ट ‘कासव’ सांगू शकत नाही. ती आमच्याच लेखकांनी सांगायची आहे.

ती सांगताना दोन मोह टाळावे लागतील. पहिला, आमचा जुना : अशा तरुणाला लगेच समाजाच्या अन्यायाचे प्रतीक करण्याचा. बेकारी आणि नाकारलेले भाड्याचे घर माणसाला खचवते, आजार वाढवते, हे आम्ही जाणतो. तरीही प्रतीकाला झोप न येण्याचा त्रास होत नाही, माणसाला होतो. दुसरा मोह, शेवटच्या पानावर दुआ कबूल करून सारे गोड करण्याचा. दर्ग्यात, मशिदीत मनाला दिलासा मिळतो, तो कोणी हिरावून घेऊ नये. पण केवळ त्यावर विसंबण्याची किंमत आम्ही पाहिली आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एर्वाडी या दर्ग्याच्या गावी एका खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. दुआबरोबर दवा हवी, हे आमच्या घराघरांत म्हटलेच जाते. ताप, साखर, रक्तदाब यांना लावलेला हा न्याय मनालाच का नको?

आणि दवा म्हणजे काय, हेही कथेत यायला हवे. जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, बाहेरच्या बाकावर ओळखीचे कोणी भेटेल म्हणून नकाबात चेहरा झाकणारी आई, पहिल्या आठवड्यात फरक न पडल्याने गोळ्या बंद करू पाहणारा बाप. त्या गोळ्यांना गुण दाखवायला काही आठवडे लागतात आणि समुपदेशकाशी बोलणे हाही उपचारच आहे, हे त्याला सांगणारी बहीण. मध्यरात्री १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक फिरवून आधी काहीच न बोलणारा मुलगा. २०२२ पासून ही सरकारी सेवा मोफत आणि रात्रंदिवस चालते, पण आमच्या एखाद्या कथेत तो फोन वाजल्याचे आम्ही अजून वाचलेले नाही.

आमचा तरुण वाचक स्वतःची अवस्था सांगायला शब्द शोधतो आहे. घरात त्याला ‘साया’ मिळतो, पुस्तकात ‘शोषण’ मिळते. ‘मला बरे वाटत नाही, आणि का ते मला सांगता येत नाही’ एवढे साधे वाक्य आमच्या कथेतल्या एखाद्या सलीमने वा शबानाने म्हणावे आणि ऐकणाऱ्याने त्यावर उपदेश न करता त्याच्याजवळ, तिच्याजवळ बसून राहावे. आमच्या कथाकारांकडे आमचे एवढेच मागणे आहे.