दळता दळता अणूपर्यंत?

‘खडूचे तुकडे करीत गेलो, की शेवटी अणू हाती लागतो.’ अणूची ओळख करून देताना हे वाक्य वर्गात हमखास येते. कल्पना म्हणून ते सोयीचे आहे. पण प्रत्यक्ष दळणाशी ताडून पाहिले, तर ते विद्यार्थ्याची दिशाभूल करते, असे आम्हांला वाटते.

दळणाची उदाहरणे नागपूरकरांना दूर शोधावी लागत नाहीत. कोराडी व खापरखेडा येथील वीजकेंद्रांत कोळसा दळूनच भट्टीत फुंकतात. वाडी येथील जवाहरलाल नेहरू अॅल्युमिनियम संशोधन केंद्रात ज्या अॅल्युमिनाचा अभ्यास होतो, त्याची बारीक भुकटी दाबून व भाजून स्पार्क प्लगचे पांढरे विद्युतरोधक बनवतात. भुकटी बारीक का हवी? १ सेंमी बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ. सेंमी असते. त्याचे १ मायक्रॉन बाजूचे घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६ चौ. मीटर होते. पृष्ठफळ वाढले, की कण भट्टीत लवकर सांधले जातात.

हे दळण गोळ्यांच्या गिरणीत होते. आडव्या पिंपात कठीण गोळे वर चढतात व भुकटीवर कोसळतात. पिंप अधिक वेगाने फिरवले, तर दळण अधिक होईल? नाही. १ मीटर व्यासाचे पिंप मिनिटाला सुमारे ४२ फेऱ्यांपर्यंत गेले, की गोळे भिंतीलाच चिकटून फिरतात आणि दळण थांबते.

मग गिरणी अधिक वेळ चालवावी? तिथेही मर्यादा आहे. पदार्थ फुटतो तो आतल्या सूक्ष्म भेगांमुळे. कण लहान झाला, की मोठी भेग उरतच नाही; तो फुटेनासा होतो. शिवाय बारीक कण एकमेकांना चिकटून पुन्हा गोळा होतात, गोळ्यांची झीज भुकटीत मिसळते आणि बरीचशी ऊर्जा उष्णतेत जाते. अॅल्युमिनाच्या १ मायक्रॉनच्या घनात तरीही दहा हजार कोटींहून अधिक अणू उरतात! म्हणूनच अतिसूक्ष्म कण पुष्कळदा दळून नव्हे, तर रासायनिक मार्गाने अणू-रेणू जुळवून घडवतात.

तेव्हा ते वाक्य टाकून द्या, असे आमचे म्हणणे नाही. त्यापुढे एक प्रश्न जोडावा. खलबत्त्यात साखर कुटायला द्यावी. ती आधी भराभर बारीक होते. मग पिठी बत्त्याला चिकटू लागते. ‘आता का अडले?’ असे विचारावे. अणू मानण्यामागचे पुरावे वेगळे आहेत. ते दळणातून मिळाले नाहीत, हे मुलांना तिथेच उमगेल.