आचार्य रायांचे आत्मचरित्र

आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या इंग्रजी आत्मचरित्राचा पहिला भाग १९३२ साली प्रसिद्ध झाला. मालवण-वेंगुर्ले पट्ट्यातील जी घरे मुलामुलींस रसायनशास्त्रासाठी परदेशी धाडू इच्छितात, त्यांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा. मात्र त्याचे गुणदोष ध्यानी ठेवून वाचावा.

गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून राय १८८२ साली एडिंबरोस गेले व क्रम ब्राउन यांच्या हाताखाली शिकून १८८७ साली डी. एस्‌सी. झाले. त्यांच्या प्रबंधाचा विषय निरिंद्रिय रसायनातला, म्हणजे तांबे-मॅग्नेशियम वर्गातील धातूंचे संयुक्त सल्फेट क्षार. हा विषय वाचकास परका वाटेल. परंतु शिरोड्याच्या मिठागरात मीठ काढून घेतल्यावर जे कडू पाणी उरते, त्यात मॅग्नेशियमचेच क्षार असतात. १९३० च्या शिरोड्याच्या सत्याग्रहाने मिठावरील हक्क आपणांस शिकविला. त्या उरलेल्या पाण्याचे काय करावे, हे मात्र रसायनशास्त्रासच विचारावे लागते.

ग्रंथाचा खरा कस लागतो तो राय परत आल्यानंतरच्या प्रकरणांत. १८८९ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात अडीचशे रुपयांची नोकरी मिळाली. पुढे राहत्या घरीच त्यांनी औषधांचा कारखाना आरंभिला. फॉस्फेटासाठी गुरांची हाडे आणवून वाळत घातली, दुर्गंधी सुटली आणि शेजारी कावले. विलायतेची पदवी मिरविणारा पंडित हाडांच्या राशीत उभा राहतो, हे चित्र शंभर उपदेशांहून बोलके आहे.

दोष सांगणेही प्राप्त आहे. एडिंबरोविषयी लिहिताना १८५७ च्या आधीच्या व नंतरच्या हिंदुस्थानावरील आपल्या निबंधाची हकीकत लेखक रंगवून सांगतो. प्रयोगमेजावरील दैनंदिन झटापट मात्र हात आखडून. स्फटिक किती वेळा बिघडले, गुरूने कोठे अडविले, हेच विद्यार्थ्यास हवे असते. उत्तरार्धात तर चरित्र मागे पडून शिक्षण, उद्योग व समाज यांवरील व्याख्यानेच वाचकाच्या हाती येतात.

तरीही ग्रंथ ज्या प्रश्नाशी आणून सोडतो, तो आपल्या किनाऱ्याचाच आहे. मालवणात १८८४ साली जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर १९१४ साली वनस्पतिशास्त्रासाठी जर्मनीस गेले, महायुद्धात तेथे अडकले आणि तशातही डॉक्टरेट घेऊन परतले. त्यांचे कार्य बहरले ते कलकत्त्यास व पुढे पुण्यास. मालवणच्या वाट्यास अभिमान तेवढा आला. यात त्यांचा दोष नाही. विद्वानास उभे राहावयास प्रयोगशाळा हवी, आणि तशी जागा त्या नगरांनी दिली.

म्हणून, कोणते विश्वविद्यालय चांगले व पगार किती मिळेल, एवढेच विचारून पालकांनी थांबू नये. परतलेल्या मुलास वा मुलीस येथे काय हाती घेता येईल, आणि त्यासाठी आपण कोणती सोय करून ठेविली आहे, हेही त्यांनी स्वतःस विचारावे. हा विचार जागविण्यास ग्रंथाचा पूर्वार्ध पुरेसा आहे. उत्तरार्ध सवडीने वाचावा.